बहीण चार वर्षं एकच शेतीचा गेम खेळतेय. डिलीट केला तर सुटेल का?

आधी तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर देतो, कारण तीच वाचून मी लिहायला बसलो. डिलीट करू नका. दुसऱ्याच्या सेव्हला, म्हणजे साठवून ठेवलेल्या खेळाला, हात लावायचा नसतो. एवढं वाचून पुढचं सोडलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण चार वर्षं स्टारड्यू व्हॅली खेळतेय, त्यात कुणाला हरवायचं नाही, शेवट म्हणून काही येत नाही, मग माणूस पुन्हा पुन्हा तिथेच जातो कशाला? आणि दोन महिन्यांवर तिची बँकेची परीक्षा आहे, तर गेम गुपचूप उडवून टाकावा का? हे "गुपचूप" वाचलं आणि चहा तसाच राहिला.

इंदूरला रामबागेजवळ 2004 ते 2013 आमचं सायबर कॅफे होतं. आठ मशीन, मध्ये प्लायवूडची पार्टिशनं, दाराशी चपलांचा ढीग. भागीदार मी आणि माझा मोठा भाऊ. दुपारी गल्ल्यावर मी, संध्याकाळी दादा. गिऱ्हाईक परत का येतं हा प्रश्न तुम्हाला आता पडला. आम्हाला दर महिन्याच्या पाच तारखेला पडायचा, कारण त्या दिवशी जागेचं भाडं द्यायचं असे.

दादाचं मत ठाम होतं. गिऱ्हाईक नव्यासाठी येतं. नवा मॅप आणा, नवा गेम आणा. दर पंधरा दिवसांनी तो जेल रोडवरून सीड्या घेऊन यायचा (असली की नकली ते विचारू नका, 2006 ची गोष्ट आहे). संध्याकाळी कॉलेजची पोरं काउंटर स्ट्राइक या बंदुकांच्या गेमला बसायची, आरडाओरडा रस्त्यापर्यंत. दुपारी मात्र शुकशुकाट. फॉर्म भरणारे, रिझल्ट बघणारे, आणि आमच्याच गल्लीतल्या एक काकू.

काकूंचा मुलगा सिंगापूरला होता. तो ऑफिसातून सुटून याहू मेसेंजरवर यायला आपल्याकडचे चार वाजायचे. काकू तीनलाच येऊन बसत, त्याला लवकर वेळ मिळाला आणि आपण नसलो तर, म्हणून. सहा नंबरचं मशीन. तासाभर नुसत्या स्क्रीनकडे बघत. मला बघवेना. एक दिवस मीच त्यांना द सिम्स 2 लावून दिला. माणसांचा घरसंसार चालवायचा, चार सीड्यांचा गेम होता, पोरांनी दोन दिवसांत सोडून दिलेला. त्यातली माणसं बोलतात ती भाषा कुठलीच नाही, मुद्दाम बनवलेली बडबड आहे, आणि मनात काय चाललंय ते डोक्यावरच्या फुग्यात चित्राने दिसतं. इंग्रजीची अडचण येईल ही माझी भीती दहा मिनिटांत गेली. काकू म्हणाल्या, "अरे हे तर भातुकली आहे. फक्त बाहुल्या ऐकत नाहीत."

माझं सगळं उत्तर त्या "ऐकत नाहीत"मध्ये आलं, पण ते तेव्हा कळलं नव्हतं.

त्या गेममध्ये एका घरात जास्तीत जास्त आठ माणसं राहतात. काकूंनी आठही भरली. सासरे, सासू, दोन मुलगे, दोन सुना, एक नातू, एक नात. सुरुवातीच्या 20,000 सिमोलियनमध्ये (पैसा म्हणजे तिथला) आठ जणांचं घर होतंय कुठलं? संडास-न्हाणीघर एकच. सकाळी सगळ्यांची रांग. कामाची गाडी दाराशी हॉर्न वाजवतेय आणि मोठा मुलगा आत अडकलाय, धाकटा बाहेर पाय आपटतोय, नातवाने शेवटी जमिनीवरच कार्यक्रम उरकला. काकू इतक्या हसल्या की दोन नंबरवरचा फॉर्म भरणारा उठून बघायला आला. "आमच्या वाड्यात असंच होतं रे. फक्त न्यायला गाडी यायची नाही."

मी शहाणपणा केला. मदरलोड नावाचा चीट आहे, टाकला की 50,000 खात्यात. चार वेळा टाकून दिला. काकूंनी सहा खोल्या वाढवल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर, अंगणात पोहण्याचा तलाव. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे काढ. या घरात मला काही कामच नाही." आम्ही जुनं सेव्ह उघडलं. एक न्हाणीघर, बिलं थकलेली, न भरल्यामुळे माणूस येऊन टीव्ही ओढून नेतोय. काकू खूश.

इथे थोडी तांत्रिक गोष्ट, कारण भांडण तिच्यावरून झालं. कॅफेत सगळ्या मशीनवर डीप फ्रीज असायचं. पोरं काहीही करोत, मशीन रीस्टार्ट केलं की सी ड्राइव्ह पहिल्यासारखा स्वच्छ. सिम्स 2 सगळं माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो, म्हणजे सी वर, म्हणजे रोज रात्री काकूंचं कुटुंब नाहीसं. म्हणून मी सहा नंबरचं माय डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हला हलवलं आणि डी डीप फ्रीजबाहेर ठेवला. गेम आपलं आपण सेव्ह करत नाही, हाताने करावं लागतं, आणि तेव्हा लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. यूपीएसची पहिली शिट्टी झाली की मी गल्ल्यावरून ओरडायचो, "काकू, सेव्ह!" त्या करायच्या. पाच महिने एकदाही चुकलं नाही. मधल्या काळात सासरे म्हातारे होऊन गेले. त्या गेममध्ये म्हातारा समाधानी असेल तर यमराजाबरोबर गवताचे घागरे घातलेल्या नाचणाऱ्या बायका येतात आणि म्हातारा बॅग घेऊन सहलीला निघाल्यासारखा जातो. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचे असे जायला हवे होते. पंचेचाळीस दिवस एमवाय हॉस्पिटलात होते."

दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस देवासला गेलो. दादाला काउंटर स्ट्राइकसाठी सहावं मशीन हवं होतं, डिस्क भरली होती. त्याने सहा नंबर फॉरमॅट मारलं, डी सकट, आणि गोठवून टाकलं. मला फोन नाही. परत आलो तर काकू तीनला हजर. खुर्चीवर बसल्या, आयकॉन शोधला, आणि विचारलं, "माझी माणसं कुठे गेली?"

मी दादाचं नाव सांगितलं. आपला भाऊ असून सांगितलं. काकू उठल्या, पर्समधून त्या दिवसाचे वीस रुपये काढून गल्ल्यावर ठेवले, आणि म्हणाल्या, "रोजचं भाडं घेत होतात ना? भाडेकरूचं सामान बाहेर काढायच्या आधी त्याला सांगतात." मग आल्या नाहीत. मुलाशी बोलायला राजवाड्याकडच्या दुसऱ्या कॅफेत जायला लागल्या.

दादाचं म्हणणं, एक म्हातारी गेली तर गेली, बायकांचा घर-घर खेळ, त्यात काय जायचं होतं? 2002 मध्येच याचा पहिला भाग, सिम्स, हा मिस्ट नावाच्या गेमला मागे टाकून तोवरचा सगळ्यात जास्त खपलेला पीसी गेम झाला होता, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, नाहीतर तिथेच तोंडावर मारलं असतं.

अडीच महिन्यांनी, संक्रांतीला, काकू तिळगूळ द्यायला आल्या. मी तोवर आठ नंबरवर गेम परत टाकून ठेवला होता, डी ड्राइव्हचं सगळं करून. सांगितलं नाही, नुसता स्क्रीन चालू ठेवला. त्या बसल्या. तीच आठ माणसं, तीच नावं. मी मागे उभा. मग लक्षात आलं की या वेळी दोन घरं मांडतायत. धाकटी सून आणि तिचा नवरा पलीकडच्या प्लॉटवर, त्यांचं वेगळं न्हाणीघर. मी विचारलं, "असं का?" तर म्हणाल्या, "बघू या. वेगळं राहिली असती तर कशी झाली असती, ते बघू या." काकू स्वतः त्यांच्या घरातली धाकटी सून.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, कारण तुम्ही वैतागला असाल. या गेमांत माणूस परत येतो तो आपण अर्धवट सोडलेलं तिथे जसंच्या तसं असतं म्हणून, आणि बाहुल्या ऐकत नाहीत म्हणून. दोन्ही पाहिजेत. सिम्स ज्याने काढला त्या विल राइटचं घर 1991 च्या अमेरिकेतल्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. पुन्हा संसार उभा करताना घराला खरं काय काय लागतं, या विचारातून त्याला हा गेम सुचला. सुरुवातीला तो घरं बांधायचाच खेळ होणार होता, घर नीट झालंय का ते ठरवायला त्यात माणसं टाकली. लोक माणसांसाठीच थांबले.

तुमच्या बहिणीच्या गेममध्ये हीच गोष्ट घड्याळाने साधलीय. तिथला दिवस साधारण चौदा मिनिटांचा, आणि सेव्ह फक्त झोपल्यावर होतं. पार्सनिप चार दिवसांत येतं, फ्लॉवर बारा दिवसांत, ब्लूबेरी तेरा दिवसांत आणि मग दर चार दिवसांनी. तारखा एकमेकांत अशा अडकतात की उद्या काहीतरी निघणारच असतं. म्हणून "एक दिवस अजून" म्हणत रात्रीचे दोन वाजतात. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आजोबांचं भूत येऊन तुमच्या कामाला मार्क देतं, पण गेम संपत नाही. शेत पुढे चालू. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बहीण महिनाभर गेली नाही तर तिथे महिना उलटत नाही. ती सोडून गेली त्याच सकाळी सहाला उठते.

याच्या उलट फेसबुकवरचा शेतीचा गेम फार्मव्हिल आठवा. 2010 मध्ये आमच्याकडे त्यासाठी झुंबड. वेळेत काढलं नाही तर पीक सुकायचं. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. चांगले नोकरदार लोक मला पासवर्ड देऊन ठेवायचे, दुपारी ऑफिसातून फोन, "भिया, मेरी स्ट्रॉबेरी काट देना." मी आठ-दहा जणांची शेती सांभाळायचो, चक्क पाच रुपये घेऊन. ते लोक भीतीने येत होते. सवय मोडली तसे एकजात गेले, 2020 च्या शेवटी तो गेम बंदही झाला, आणि त्यांच्यापैकी कुणी मला कधी विचारलं नाही की माझं शेत कुठे गेलं.

दादा आता पुण्याला असतो आणि अजून मान्य करत नाही. तो म्हणतो स्टारड्यूवरसुद्धा 2024 च्या मार्चमध्ये मोठा अपडेट आला तेव्हा लोक परत धावले, म्हणजे नवंच लागतं. अरे, धावले ते जुन्या शेताकडेच ना? एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने चार-साडेचार वर्षं एकट्याने बसून तो गेम केला, 2016 ला आणला, आणि पुढचे अपडेट फुकट देत राहिला. लोकांची जुनी सेव्ह त्याने मोडली नाहीत. सिम्स 4 आला तेव्हा सगळं नवं होतं, पण पोहण्याचे तलाव नव्हते आणि रांगती पोरं नव्हती. लोकांनी काय रान उठवलं होतं. तलाव त्याच वर्षी आले, रांगत्या पोरांना 2017 उजाडलं. लोकांना काय हवं होतं दादा? जुनंच.

बरं, दादाच्या बाजूनेही सांगतो, नाहीतर कुणी वाचून त्याला पाठवेल. काउंटर स्ट्राइकच्या पोरांवरच आमचं भाडं निघायचं, काकूंच्या वीस रुपयांवर नाही. आणि माझा सगळा अनुभव आठ मशीनचा आहे. तुमची बहीण जेवत नसेल, झोपत नसेल, पुस्तक उघडलं की चिडत असेल, तर विषय गेमचा राहत नाही. तिच्याशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशी बोला. नुसतं रात्री तासभर खेळत असेल तर मला त्यात काही वाईट दिसत नाही. परीक्षेची भीती असलेली पोरगी चौदा मिनिटांत पूर्ण होणारा एक दिवस बघतेय. तिला विचारा तरी, शेतात काय लावलंय. मी स्वतः 2025 च्या जानेवारीत पहिले दोन सिम्स पुन्हा विकायला आले तेव्हा लगेच घेतले, त्यामुळे माझं मत तटस्थ नाही हेही धरून चाला.

आणि तरीही हात शिवशिवत असतील तर ऐका. कॉम्प्युटरवरून गेम काढून तुमचं काही साधणार नाही. सेव्ह गेमबरोबर जात नाही, ती विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, स्टारड्यू व्हॅलीच्या फोल्डरात, सेव्ह्ज नावाच्या फोल्डरात पडून असते. बहीण परत इन्स्टॉल करेल आणि शेत तिथेच. मोबाइलवर खेळत असेल तर मात्र अ‍ॅपबरोबर सगळं जाऊ शकतं, तिकडे बोट नेऊ नका. तिच्यासमोर बसा. परीक्षेपर्यंत बंद ठेवायचं असं तिनेच कबूल केलं, तर तिलाच तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊ द्या, उघडून बघू द्या की शेत आत आहे. मग गेम काढा. पेनड्राइव्ह तिच्याजवळ राहू द्या, तुम्ही ठेवू नका.