सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक संसर्गावरच्या सरकारी दवाखान्यात) पहिला अभ्यास करताय? आधी हे वाचा

प्रश्नावली नंतर. पहिले 15 दिवस नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक ताईंजवळ नुसतं बसा आणि ऐका. इथे माणूस 'लघवीला जळजळ' सांगतो, 'अंगावरून पांढरं जातं' सांगतो. आजाराचं नाव कोणी घेत नाही. तुमच्या प्रश्नांत हेच शब्द हवेत. 'गुप्तरोग' हा शब्द मात्र टाळा, त्याने समोरचा आणखी आक्रसतो.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- फक्त लक्षणं असलेल्यांनाच मोजणं. गनोरिया आणि क्लॅमिडिया हे लैंगिक संसर्ग झालेल्या बऱ्याच बायकांना काहीच जाणवत नाही. त्या तुमच्या आकड्यांत येणारच नाहीत, हे अहवालात स्पष्ट लिहा.
- सिफिलिसची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजचाच आजार, असं धरणं. उपचार पूर्ण झाले तरी ती बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. म्हणून आरपीआर या दुसऱ्या रक्तचाचणीचा टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण) बघा. माझ्या पहिल्या नोंदवहीत हीच चूक होती आणि बरी झालेली एक बाई पुन्हा घाबरून गेली. ते अजून सलतं.
- नवऱ्यासमोर बायकोला प्रश्न विचारणं. कधीच नको.

एचआयव्हीची स्थिती संमतीशिवाय उघड करायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. नोंदवहीत नाव नको, फक्त क्रमांक. नागपुरात ओळखीचं कोणीतरी निघतंच हो!

जोडीदाराच्या उपचाराचं दर भेटीत विचारा. संख्याशास्त्राचं सध्या राहू द्या, आधी नैतिक समितीची मंजुरी घ्या.