थकवा कागदावर कसा मांडायचा?

प्रश्न : माझे मिस्टर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशिनवर आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते : तिसरी, मग दुसरी, मग पहिली. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की डबल, लागोपाठ दोन पाळ्या, मारावी लागते. कधी रात्री दुसरी पाळी सुटते आणि सकाळी लगेच पहिलीला बोलावतात. परवा जेवताना हातात घास तसाच आणि डोळे मिटलेले. आता कंपनीच्या सुरक्षा समितीने थकव्याबद्दल सर्वांकडून सूचना मागवल्यात, मुदत मंगळवारपर्यंत. हे म्हणतात, ‘थकतो असं लिहिलं तर कामचुकार ठरेन.’ काका, काय लिहावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, त्यांची भीती खोटी नाही. म्हणून ‘मी थकतो’ असं लिहूच नका. घड्याळ लिहा.

रात्री अकराला हजेरीचं कार्ड पंच करून बाहेर. सव्वाबाराला घरी. जेवून पाठ टेकेपर्यंत एक. पाचला उठणं, सहाला बस, सातला पुन्हा पंच. कागदावर दोन पाळ्यांमध्ये आठ तास दिसतात, झोप मिळते चार तास. अशा गेल्या महिन्यातल्या तारखा मांडा. कितीदा डबल झाली, तेही लिहा.

पहाटे पाचला उठलेला माणूस पहिलीला जोडून दुसरी करतो, तेव्हा रात्री दहालाच सतरा तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सतरा तासांच्या जागरणाने हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा आहे. आणि इथे पाय मशीन चालवणाऱ्या पेडलवर, हात डायजवळ, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याजवळ!

मी स्वतः बावीस वर्षं प्रेसवर होतो. डबलच्या पंधराव्या तासाला डाव्या तर्जनीचं पेर गेलं. डायमधून जॉब, म्हणजे तयार तुकडा काढताना पाय कधी दाबला गेला, ते मला आजही आठवत नाही. रजिस्टरमध्ये ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढीच नोंद झाली. सलग किती तास उभा होतो, त्यासाठी रकानाच नव्हता. तो रकाना मागा. प्रत्येक अपघाताच्या आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगाच्या नोंदीत ‘किती तास ड्युटी झाली होती’ हे यायलाच हवं.

पाळ्यांचा क्रम उलटा करायला सांगा : पहिली, दुसरी, तिसरी. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. दोन पाळ्यांत किमान अकरा तास मोकळे मागा. युरोपात २००३ च्या निर्देशात एवढी विश्रांती लिहिलेली आहे. प्रेसवर डबल नकोच. त्यासाठी राखीव ऑपरेटर ठेवावा. ‘कामगारांनी पुरेशी झोप घ्यावी’ असा फलक लावून कुणी हा विषय मिटवू पाहील, तर ते मान्य करू नका. बस सहाला येत असेल तर झोप आणायची कुठून?

हे आत्ताच लिहायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास, तीही कामगाराच्या लेखी संमतीने. पुढे संमतीचा कागद आला, तर मिस्टरांनी वाचल्याशिवाय सही करू नये.

एकट्याचं नाव नको असेल तर लाइनवरच्या सात-आठ जणांनी मिळून सह्या करा. पेटीत टाकण्याआधी फोटो काढा, एक प्रत समितीतल्या कामगार प्रतिनिधीच्या हातात द्या आणि पोच घ्या. रविवारी त्यांना आधी पोटभर झोपू द्या, मग दोघं मिळून लिहायला बसा.