विचारा डॉक्टरताईंना : शुगर, मूल आणि घरच्यांची घाई

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, वय ३२. दोन वर्षांपूर्वी टाइप टू डायबेटिस निघाला, मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू होती. आता बाळाचा विचार चाललाय, म्हणजे खरं तर सासूबाईंचा जास्त चाललाय, रोज व्हिडिओ कॉलवर तेच. नणंद म्हणाली गोळ्या बाळाला बाधतात, म्हणून महिन्याभरापासून मी सगळ्याच बंद केल्यात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ७१ आलाय. जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नवरा सोबत येतो आणि तोच बोलतो कारण माझं इंग्लिश कच्चं आहे. मूल हवंय का असं तिथे कधी कुणी विचारलंच नाही. काय करू? (मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.)

उत्तर : बरं, मग अगं, आधी जीपीच्या दवाखान्यात फोन लाव आणि सगळं बंद केलंय हे सांगून मेटफॉर्मिन परत कशी सुरू करायची ते विचार. ती दिवस राहायच्या आधीही चालते आणि नंतरही. नणंदेचं अर्धं बरोबर आहे हां, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन आणि बीपीच्या काही गोळ्या (रॅमिप्रिल वगैरे) दिवस राहायच्या आधीच थांबवायच्या असतात, पण कुठली थांबवायची आणि कुठली बदलायची हे डॉक्टर ठरवणार, व्हॉट्सअॅप नाही.

आता तुझा ७१. हा तिकडचा आकडा, आपल्याकडच्या हिशोबात साधारण ८.६. इंग्लंडमध्ये नाइसची (उपचारांचे नियम ठरवणारी तिथली संस्था) गाइडलाइन सांगते की दिवस राहायच्या आधी तो ४८ च्या खाली, म्हणजे ६.५ च्या खाली आणायचा प्रयत्न करा, अर्थात शुगर वारंवार लो होत नसेल तर, आणि ८६ च्या वर असेल तर तो खाली येईपर्यंत थांबाच. तू मध्ये आहेस. ४८ गाठता आला नाही तरी जितका उतरेल तितका फायदाच आहे, घाबरून जायचं नाही. एवढी घाई आधीच का करायची तर बाळाच्या मणक्या-मेंदूचा पाया पहिल्या चार आठवड्यांत बनतो आणि हृदय वगैरे आठेक आठवड्यांत, तेव्हा बऱ्याच बायकांना पाळी चुकलीये हेच नीट कळलेलं नसतं. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर शुगर आणायला धावलं तर तो काळ निघून गेलेला असतो. म्हणून शुगर उतरेपर्यंत गर्भनिरोधक वापर, कॉन्डम असो की अजून काही, तिकडे ते फुकट मिळतं.

फॉलिक अॅसिडही आत्ताच. पण दुकानात मिळतं ते ४०० मायक्रोग्रॅमचं, तुला डायबेटिसमुळे ५ मिलिग्रॅमचं लागेल आणि त्याला प्रिस्क्रिप्शन लागतं, मूल ठरवल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत. इंग्लंड-वेल्समध्ये डायबेटिसवाल्या गरोदर बायकांचं जे नॅशनल ऑडिट होतं त्यात दरवेळी दिसतं की टाइप वनच्या बायकांपेक्षा टाइप टूच्या बायका ही गोळी आधीपासून कमी घेतात. आणि टाइप टूमध्ये आपल्या एशियन बायका खूप, कारण आपल्या लोकांना हा आजार गोऱ्यांपेक्षा लवकर गाठतो, मूल व्हायच्या वयातच. मग दोष बाईचा का? जो डॉक्टर दर तीन महिन्यांनी शुगर बघतो त्याने "वर्षभरात मूल हवंय का" एवढं एक वाक्य विचारायला नको? मला तर याचा फार राग येतो.

नसेल विचारलं तर तूच सांग. बुकिंग करतानाच इंटरप्रिटर माग, एनएचएसमध्ये (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत) तो फुकट असतो, मराठी नाही मिळाला तर हिंदी. नवरा चांगलाच असेल गं, पण त्याच्यासमोर "मला अजून वर्षभर नकोय" हे तू बोलू शकशील का? डायबेटिसवाल्यांसाठी प्री-कन्सेप्शन क्लिनिक (दिवस राहायच्या आधीच्या तयारीचं) असतं तिथे रेफर करा असं सांग, डोळे आणि किडनीची तपासणी आधीच होऊ दे. सासूबाईंना सांगायचं, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. खोटं नाहीये ते.

प्रश्न : डॉक्टरबाई, मी रत्नागिरीकडची, वय ३८, तीन मुलं, पाच वर्षं शुगर आहे. नवरा कुवेतला, ईदला महिनाभर येतो. मला आता मूल नको. तांबी बसवायला गेले तर सिस्टर म्हणाली शुगरवालीला तांबी चालत नाही, इन्फेक्शन होतं, आणि नवऱ्याची सही आणा. वर "तुमच्यात चालतं का हे" असंही म्हणाली.

उत्तर : ताई, ते शेवटचं वाक्य वाचून माझंच डोकं फिरलं. तुमच्यात काय चालतं हे तुम्ही ठरवणार, तिचं काम तांबी बसवायचं होतं.

शुगर असली तरी कॉपर-टी चालते. डब्ल्यूएचओच्या नियमांतही डायबेटिसला तांबीसाठी काही आडकाठी नाहीये. सरकारी दवाखान्यात ३८०-ए नावाची तांबी मिळते, फुकट, आणि १० वर्षं चालते. शुगर बरीच वर्षं असेल, सोबत बीपी असेल किंवा डोळे-किडनीला त्रास सुरू झाला असेल तर माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन मात्र न विचारता घेऊ नका. सहीचं म्हणाल तर तांबीला नवऱ्याची सही लागत नाही. बायकांच्या नसबंदीलाही नाही, आणि गर्भपाताच्या कायद्यात १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. तरी अडवलं तर "सही लागते हे लेखी द्या" म्हणायचं आणि मेडिकल ऑफिसरना भेटायचं. नवरा यायच्या आधी बसवून घ्या म्हणजे सवय होईल, पहिले काही महिने पाळी जास्त जाते, ती बहुतेक वेळा हळूहळू कमी होते.

प्रश्न : पाचवा महिना, गरोदरपणातली शुगर, इन्सुलिन चालू. रोजा ठेवू का? बोट टोचून शुगर बघितली तर रोजा तुटतो का? (भिवंडी)

उत्तर : टोचल्याने तुटत नाही असंच बहुतेक उलेमा सांगतात. पण इन्सुलिनवर आणि पोटात बाळ असताना डॉक्टर नकोच म्हणतील, मीही म्हणते. गरोदर बाईला सूट आहे, कजा (सुटलेल्या रोजाच्या बदल्यातला रोजा) नंतर ठेवता येतो, मौलानांना विचारून बघा. तरीही ठेवायचाच असेल तर आत्ताच, रमजान लागायच्या आधी डॉक्टरांकडे जा कारण इन्सुलिनचा डोस आणि वेळ दोन्ही बदलावं लागेल, आणि शुगर ७० च्या खाली गेली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजला, रोजा सोडायच्या वेळेला) पाच मिनिटं राहिली असली तरी तिथल्या तिथे सोडायचा. हालचालीचं असेल तर सोडून लगेच दवाखाना गाठायचा.