मुलानं विचारलं, तर उत्तर आईबाबांनी द्यावं

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही मूळच्या नागपुरातल्या सदरच्या, आता बारा वर्षं मेलबर्नला. सोळा वर्षांचा मुलगा रविवारी चर्चमध्ये उपासनेला यायला कुरकुरतो. शाळेतली मुलं त्याला म्हणतात, विज्ञान असताना देव कशाला? मराठी मंडळातल्या एका काकांनी त्याला विचारलं, "तुम्ही इंग्रजांच्या काळात बाटलेले ना?" घरी येऊन तो तुम्हाला म्हणाला, "आई, आपण दुसऱ्यांचा धर्म पाळतोय का?" आणि तुम्ही त्याला पाळकसाहेबांना फोन लावायला सांगितलंत.

ताई, तो फोन तुम्ही लावायला सांगायला नको होता. आपल्या आईला हे सगळं खरं वाटतं का, आणि का वाटतं, एवढंच त्याला ऐकायचं होतं. माझ्या थोरल्यानं असंच विचारलं तेव्हा मी "असं बोलू नये" म्हणून त्याला गप्प केलं. पुढे कित्येक वर्षं त्यानं मला काहीच विचारलं नाही. ती वर्षं अजून सलतात, म्हणून इतक्या कळकळीनं लिहितेय.

बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र काढा, तिसरा अध्याय. तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेनं द्या, असं तो सांगतो. हे सांगतो कुणाला? पत्राच्या पहिल्याच ओळीत पाहा: परक्या मुलखात पांगलेल्या, उपऱ्या म्हणून राहणाऱ्या माणसांना. म्हणजे तुम्हालाच की!

आता काकांचा प्रश्न. मुलाला सांगा, केरळातली ख्रिस्ती मंडळी युरोपियन जहाजं किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी शतकं आधीची आहे. आणि नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगा, कारण ती आपल्या नागपूरहून सुटलेल्या गाडीत सुरू होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळक कवी, संस्कृतात मुरलेले. ते वाचत राहिले, झगडले आणि १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. आपण आजही उपासनेत त्यांची पदं म्हणतो. त्यातलं एखादं घरी म्हणा, आणि यात इंग्रजांचं काय आहे, हे त्यालाच ठरवू द्या.

विज्ञानासाठी तर लांब जायलाच नको. ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३पासून आपल्या गावात आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली मिशनरी म्हणून नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, शुभवर्तमान सांगितलं आणि त्याच दिवसांत टाकळीच्या परिसरातले जीवाश्म गोळा करून त्यांवर लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात लिहिलं. हिस्लोपाइट हे एका खनिजाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. १८६३मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. दगडाचं वय शोधणं आणि देवाची प्रार्थना करणं, दोन्ही एकाच माणसानं मनापासून केलं. दगड कसा घडला हे भूगर्भशास्त्र सांगतं. मुळात काही आहेच का, आणि मी कुणासाठी जगावं, हे त्याला विचारून भागत नाही.

पण खरा मुद्दा पुनरुत्थानाचा आहे, तो टाळू नका. बायबलमधलंच पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय, मराठीतून मोठ्यानं वाचा. वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांत पौल लिहितो की उठलेल्या ख्रिस्ताला एका वेळी पाचशेहून अधिक जणांनी पाहिलं आणि त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. म्हणजे जा, विचारा त्यांना! आणि ख्रिस्त उठलाच नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, हेही तोच स्पष्ट लिहितो. सोळा वर्षांच्या मुलाला असा रोखठोकपणा आवडतो. एखादं उत्तर येत नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण दोघं शोधू" म्हणा. मग तुमची स्वतःची साक्ष द्या: कुठल्या रात्री प्रार्थनेनं तुम्हाला धरून ठेवलं, आणि कुठली प्रार्थना तुमच्या मनासारखी झाली नाही, तीसुद्धा.

मंडळाच्या गणेशोत्सवाचं थोडक्यात सांगते. जा, पोळ्या लाटा, खुर्च्या मांडा. आरतीच्या वेळी बाजूला शांत उभे राहा. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगा, वाद घालू नका. काकांना मात्र नाताळात जेवायला बोलवा.

जबरदस्ती करू नका. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. दोघांनीही फार सोसलं. पुढे त्या ख्रिस्ताकडे आल्या त्या स्वतःच्या मनानं, कुणी ओढून आणलं म्हणून नाही.

येत्या रविवारी तो आला नाही तर तुम्ही दोघं जाऊन या. परत आल्यावर त्याला गरम जेवायला वाढा. आज प्रवचन कशावर होतं, असं त्यानं विचारलंच, तर हातातलं काम ठेवून सांगा.