दूध पिण्याचे दोन रुपये

शाळा सुरू होऊन महिना झाला की माझ्याकडे एक प्रश्न यायला लागतो. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली सोळा वर्षं तो येतोय, फक्त त्यातली वस्तू बदलते. आधी चॉकलेट होतं, मग मोबाइल आला, आता घरपोच येणारा पिझ्झा. “मॅडम, काहीतरी दिल्याशिवाय करतच नाही. मग द्यायचं काय आणि किती?” गेल्या जुलैत एकाच आठवड्यात तीन आयांनी हे विचारलं. प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा विरूची गोष्ट लिहून काढावी असं तेव्हाच ठरवलं. नाव बदललंय, घराच्या खुणाही बदलल्यात.

विरू आठ वर्षांचा, तिसरीत. वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना, आई बँकेत. राहायला जुळे सोलापुरात, पण अज्जी बाळीवेशीतल्या जुन्या घरात. शाळा सुटली की रिक्षा त्याला अज्जीकडे सोडायची आणि बँक सुटली की आई घेऊन जायची.

“ऐकनाच गेलाय मॅडम,” आईनं सुरुवात केली. “दात घास म्हटलं की म्हणतो, काय देणार? आणि याचं मूळ कुठंय, तर आमच्या सासूबाई. पोरगं दारात आलं की हातावर खाऊ. पार लाडावून ठेवलंय.” मग तिनं पर्समधून चौकटीच्या वहीचं एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं.

पेन्सिलनं आखलेले दोन रकाने. डावीकडे काम, उजवीकडे दर. दूध पिणे, २ रु. गृहपाठ मराठी, ५ रु. गृहपाठ गणित, १० रु. एक दिवस भांडण न करणे, एक कॅडबरी. पाहुण्यांच्या पाया पडणे, माणशी ५ रु. सगळ्यात खाली, दोनदा गिरवून ठळक केलेलं: उधार बंद आहे.

मला हसू फुटत होतं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून आवरलं. तिला मी एवढंच विचारलं, “यातला पहिला दर कोणी ठरवला?” बराच वेळ ती पानाकडे बघत राहिली. “दुधाचा मीच,” ती म्हणाली. “तीन वर्षांचा होता. सकाळी गडबड असायची. दोन रुपये दे, गल्ल्यात टाकेल, पितो तरी म्हटलं.”

इथं एक कबुली द्यायला हवी. पहिल्या भेटीनंतर मीही ठोकळेबाज सल्ला दिला. पैसे आणि चॉकलेट बंद, भिंतीवर तक्ता लावा, कामं केली की चांदणी, दहा चांदण्या झाल्या की रविवारी बागेत. बारा दिवसांनी आई परत आली. विरूनं सुचवलं होतं, “तीन चांदण्या आगाऊ द्या, शनिवारी फेडतो.” वर, गणिताला दोन चांदण्या का नाहीत, अशी तक्रार. पोरगं हुशार होतं. चूक माझीच होती. मी नुसतं चलन बदललं होतं, दुकान तसंच चालू ठेवलं होतं.

तिसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवून मी त्याच्याशी दुकान-दुकान खेळायला बसले. त्याचंच दरपत्रक पुढं घेतलं आणि म्हटलं, “यात अज्जीची कामं राहिलीत. ती लिहू या. काय काय करतोस तिच्यासाठी?”

तो बोटांवर मोजून सांगायला लागला. सुईत दोरा ओवून देतो. चष्मा शोधून देतो, तो कायम फ्रीजवरच असतो. वातीच्या कापसातली सरकी काढतो. दुपारची गोळी घेतली का विचारतो. पुण्याच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावून देतो.

“छान. सुईत दोऱ्याचे किती लिहू?”

तो माझ्याकडे बघत राहिला.

“दोन? पाच?”

“अज्जीकडून कशाला पैसे घ्यायचे ओ?”

“मग अज्जी खाऊ देते तो कशाबद्दल?”

“कशाबद्दल नाही.” मला मराठी समजत नसावं अशा सुरात तो म्हणाला, “मी आलो म्हणून देते.”

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यानं ती उचलून खोडरबराच्या बाजूनं टेबलावर ठकठक वाजवायला सुरुवात केली, त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझ्या दृष्टीनं सगळं प्रकरण उलटं झालं होतं. आई आणि मी, आम्ही दोघींनी मिळून अज्जीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. पण ज्या घरी रोज खाऊ मिळत होता तिथं हा मुलगा फुकट राबत होता, आणि जिथं मोजून मिळत होता तिथं दात घासायचेही पैसे मागत होता. तेव्हा बिघाड खाऊत नव्हता, ‘कशाबद्दल’मध्ये होता. इतक्या वर्षांत अशी दोन-चारच वाक्यं मला मुलांकडून मिळाली आहेत. ‘मी आलो म्हणून’ हे त्यातलं एक.

आपल्या भाषेनं हा फरक आधीच करून ठेवलाय. खाऊ, बक्षीस, मजुरी, लाच हे चार वेगळे शब्द आहेत. मामा आला की खाऊ आणतो, भाच्यानं पाढे म्हटले म्हणून नाही. बक्षीस काही घडून गेल्यावर मिळतं, आणि ते मिळेलच असं नसतं. मजुरी आधी ठरते. आणि मूल आरडाओरडा करत असताना ते थांबावं म्हणून जे देतो ती लाच. घरोघरी काय झालंय, तर चारही गोष्टी एकाच चॉकलेटनं भागवल्या जातात, आणि कागद काढल्यावर हे चारपैकी कुठलं, ते मुलाला कळत नाही. विरूनं आपल्या परीनं त्याचा अर्थ लावला. कारखानदाराचा मुलगा, त्यानं मजुरी धरली.

१९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मी पालकांना हमखास सांगते. ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडतं अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्रं काढलीत तर सोनेरी शिक्क्याचं, लाल फितीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. आवडीच्या कामाचं हे होतं, मग दुधाचं काय होणार? लहान मुलांच्या खाण्यावर लिअॅन बर्च यांनी केलेलं कामही तेच सांगतं: ‘हे संपव, मग ते मिळेल’ म्हटलं की ‘हे’ नावडतं होतं आणि ‘ते’ आणखी आवडतं होतं. म्हणजे ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ असं रोज म्हणून आपण आइस्क्रीमचीच जाहिरात करत असतो.

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांच्या वाटेनं जाणारी. त्यांचे शिष्य ड्रायकर्स बक्षीस आणि शिक्षा दोन्हीला सारखंच नाकारायचे, कारण दोन्हींत एक मोठा वर असतो आणि एक लहान खाली. मुलाला आधी आपण या घरातले आहोत, इथं आपला उपयोग आहे, एवढं हवं असतं. घरातल्या माणसाला आपण पाणी भरल्याचे पैसे देत नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येतं, ते भरायला मूल धावत असेल तर त्याला ‘शाब्बास, हे घे दहा’ म्हणण्याऐवजी ‘पिंप भरलं, आता चार दिवस चिंता नाही’ म्हणा. कामाचा उपयोग त्याला दिसू द्या. हे माझं मत झालं. ज्या मुलांना लक्ष एकवटायला किंवा विकासात खास अडचण आहे, त्यांच्यासाठी तज्ज्ञ ठरवून असे तक्ते वापरतात आणि त्याचा फायदाही होतो. त्यांच्या पालकांनी हा लेख वाचून तक्ता फाडू नये.

विरूच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. “म्हणजे सासूबाई बरोबर आणि मी चूक?”

“तुम्ही सकाळी आठला डबे भरून बँक गाठता, म्हणून दोन रुपये दिलेत,” मी म्हटलं. “अज्जींना घड्याळ नाही. त्यांना ‘मी आलो म्हणून’ परवडतं.” मग ती जरा सैल झाली. पुढच्या वेळी अज्जींना सोबत आणा, असं सुचवलं.

कारण अज्जींचंही सगळं बरोबर नव्हतं. विरूच्या दोन दाढा भरून झाल्या होत्या. रोज दुपारी कोल्ड्रिंकची छोटी बाटली आणि वर गोळ्या. अज्जी आल्या त्या तयारीनंच, “मी काय विष घालते का त्याला?” मी वाद घातला नाही. वाटीभर साखर आणि चमचा मागवला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. विरूच्या वयाला दिवसाला साधारण १६०० कॅलरी धरल्या तर दहा टक्के म्हणजे ४० ग्रॅम, आठ लहान चमचे. २०० मिलीच्या एका बाटलीत त्यातले चारेक चमचे जातात. मी ते चार चमचे एकेक करून बशीत ओतले. अज्जी बशीकडे बघत होत्या. चौथ्या चमच्यानंतर म्हणाल्या, “गूळ-शेंगा चालतंय का?”

गूळही साखरच, पण मूठभर भाजक्या शेंगांबरोबर सुपारीएवढा खडा म्हणजे बाटली नव्हे. आम्ही ठरवलं: रोजचा खाऊ चालू राहील, अटीशिवाय. फक्त तो शेंगा, चिरमुरे, कडक भाकरीवर दही आणि शेंगाचटणी, थंडीत हुरडा असा असेल. गोड आठवड्यातून दोनदा, तेही वार ठरवून.

वार ठरवणं मी माझ्या लहानपणावरून शिकले, पण त्याची आठवण करून दिली विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून येणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या घरी पगार आठवड्याला, शनिवारी. “शनवारी पावशेर भजी. पोरं चारपासनं दारात बसत्यात,” त्या म्हणाल्या. गरिबीत गोडी असते असलं काही मला म्हणायचं नाही. त्यांचे कित्येक शनिवार कोरडे जातात आणि ते त्यांना सलतं. पण त्या पोरांना वाट बघणं माहीत होतं. ज्याला रोज बिर्याणी, त्याला ईद कुठली? आमच्याकडे आठवडी बाजारातून वडील गोडीशेव आणायचे, वर्तमानपत्राच्या पुडीत, तेलाचा डाग बाहेर आलेला. त्या डागावरून आम्ही भावंडं पुडीत किती असेल ते ओळखायचो. पहिला घास कोणी घ्यायचा यावरून भांडणंही व्हायची, म्हणून आई वाटे करायची. वाटा हा शब्दही खाऊबरोबरच येतो, तोही जाऊ देऊ नका. खोलीत एकट्यानं फोडलेलं पाकीट पोटात जातं, पण त्याला खाऊ म्हणवत नाही.

आणि एक. कबूल केलेला खाऊ शिक्षा म्हणून रद्द करू नका. शनिवारी जिलेबी आहे म्हटलं तर शुक्रवारी पेपरात कमी मार्क पडले तरी शनिवारी जिलेबी आहे. मार्कांबद्दल बोलायचं ते वेगळं बोला. इथं पालक अडतात, विशेषतः वडील.

विरूचं दुकान बंद करायला तीन आठवडे लागले. बाजार उठताना गोंगाट होतोच. पहिल्या आठवड्यात त्यानं दूध सोडलं. आईचा रात्री दहाला फोन, “आता?” मी म्हटलं, नसेल आवडत तर दही द्या. पाच वर्षं आपण दोन रुपये मोजून त्याला नावडती गोष्ट पाजत होतो, हे तिला त्या रात्री कळलं. दही तो मिटक्या मारत खातो. गणिताचा गृहपाठ दोनदा राहिला, शाळेत बोलणी खाल्ली, तिसऱ्यांदा केला. पाया पडणं आम्ही ऐच्छिक केलं, त्यावर वडील अजून माझ्यावर नाराज आहेत.

शेवटची भेट जानेवारीत, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असताना. आदल्या संध्याकाळी सगळे होम मैदानावर जाऊन आले होते. आई सांगत होती की आकाशपाळण्यात बसायला अज्जीच सगळ्यांत पुढं. विरूनं खिशातून एक चुरगळलेली पुडी काढून टेबलावर ठेवली. रेवड्या. अर्ध्याहून जास्त संपलेल्या.

“अरे वा. हे कशाबद्दल?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. “खाऊ आहे ओ, मॅडम.”