प्रॉक्सी सपोर्टचा पॅच तपासताना आधी काय बघावं?

तुमच्याकडे प्रॉक्सीची (आपलं कनेक्शन पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) सोय करणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, रिव्ह्यूला आलाय, सगळ्या टेस्ट पास आहेत, तरी मंजूर करायला मन धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ती शंका रास्त आहे.

मी आधी प्रॉक्सी बंद करून बघतो. सेटिंगमध्ये पत्ता तसाच ठेवायचा, सर्व्हर मात्र बंद. प्रोग्रॅमने एरर देऊन थांबायला हवं. तो गुपचूप थेट कनेक्ट झाला, तर बाकीचं न वाचता पॅच परत पाठवा. अनेक जण स्वतःचा आयपी लपवण्यासाठीच प्रॉक्सी लावतात. कनेक्शन न मिळणं त्यांना चालतं, उघडं पडणं नाही.

मग डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणारी यंत्रणा. सॉक्स ५ या प्रॉक्सी प्रोटोकॉलमध्ये (त्याचं मानक आरएफसी १९२८, १९९६) होस्टचं नाव जसंच्या तसं प्रॉक्सीकडे देता येतं. पण सवयीने आधी आपल्याच मशीनवर आयपी शोधला जातो आणि तुम्ही कुठे जाताय ते डीएनएस सर्व्हरला कळतं. कर्ल या कमांड-लाइन साधनात म्हणूनच 'सॉक्स५' आणि 'सॉक्स५एच' अशा दोन स्कीम आहेत. दुसरीत नाव प्रॉक्सी शोधते. हे नुसता कोड वाचून ठरवू नका, टीसीपीडंप (नेटवर्कवर काय जातंय ते दाखवणारं साधन) लावून पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या पोर्टवर, काही जातंय का ते बघा.

मला सर्वांत जास्त चुका सापडल्या त्या उत्तर वाचण्याच्या कोडमध्ये. सॉक्स ५ च्या उत्तराची लांबी ठरलेली नसते: पत्ता आयपीव्ही४ असेल तर ४ बाइट, आयपीव्ही६ असेल तर १६, नाव असेल तर आधी लांबीचा एक बाइट. सरसकट १० बाइट (आयपीव्ही४ च्या पूर्ण उत्तराची लांबी) वाचणारा कोड आयपीव्ही४ वर बिनबोभाट चालतो, म्हणून टेस्ट पास होतात. एचटीटीपी कनेक्टमध्ये (एचटीटीपी प्रॉक्सीला पुढे जोडून द्यायला सांगणारी विनंती) उलटी चूक होते, म्हणजे जास्त वाचलं जातं. प्रॉक्सीचं उत्तर संपवणाऱ्या रिकाम्या ओळीपुढचे बाइट पलीकडच्या सर्व्हरचे असतात, ते टाकून द्यायचे नाहीत. टीएलएसमध्ये (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) आधी क्लायंट बोलतो, त्यामुळे ही चूक झाकली जाते. एसएमटीपीमध्ये (ईमेल पाठवण्याचा प्रोटोकॉल) आधी सर्व्हर बोलतो. तिथे त्याची पहिली ओळच हरवते आणि प्रोग्रॅम वाट बघत लटकतो.

प्रॉक्सीचा पासवर्ड लॉगमध्ये किंवा पलीकडच्या सर्व्हरकडे जात नाही ना, आणि टीएलएसचं सर्टिफिकेट मूळ होस्टच्या नावाशीच ताडलं जातंय ना, हेही बघून घ्या.

पॅच लिहिणाऱ्याकडे एक टेस्ट जरूर मागा: एकेक बाइट थांबून थांबून पाठवणारी खोटी प्रॉक्सी. उत्तर अर्धवट वाचण्याच्या चुका तिच्यापुढे लगेच उघड्या पडतात.