भाड्याच्या घरासाठी कोणता फ्रिज, कोणती शेगडी?

प्रश्न : बेळगावात हिंदवाडीत आमचे दुमजली घर असून वरचा मजला आम्ही भाड्याने देतो. आतापर्यंत तेथे एक कुटुंब राहत होते. आता उद्यमबागेतील महाविद्यालयात शिकणारे चार विद्यार्थी येणार आहेत. १४ वर्षांपूर्वीचा दोन दारांचा फ्रिज नीट गार होत नाही, कट्ट्यात बसवलेल्या हॉबची काच तडकली आहे आणि चिमणी बंद पडली आहे. या वस्तू पुन्हा तशाच घ्याव्यात का? जुन्या बाजारातून घेतल्या तर चालतील का?
— एक वाचक, हिंदवाडी, बेळगाव

उत्तर : स्वतःच्या घरासाठी वस्तू घेताना आपण सोय पाहतो. भाड्याच्या घरासाठी घेताना मात्र ती बिघडल्यावर कोण, किती दिवसांत आणि किती खर्चात दुरुस्त करून देईल, हे आधी पाहावे लागते, कारण घराबरोबर दिलेली वस्तू चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी शेवटी मालकाच्याच गळ्यात पडते. या दृष्टीने पाहिल्यास आपल्या तीन वस्तूंपैकी एकही पूर्वीसारखीच घेण्याची गरज नाही.

फ्रिज मोडीत काढण्यापूर्वी एक साधी तपासणी करून पाहावी. दाराच्या रबरी पट्टीत, म्हणजे गॅसकेटमध्ये, एखादी नोट धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती अडखळत आली तर पट्टी ठीक आहे. अलगद सरकून बाहेर आली तर गार हवा तेथूनच निसटत आहे. पट्टी बदलण्याचा खर्च नव्या फ्रिजच्या मानाने किरकोळ असतो. मात्र पट्टी घट्ट असूनही कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नसेल, तर एवढ्या जुन्या यंत्रावर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही.

नवा फ्रिज १८० ते १९० लिटरचा, एका दाराचा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंखा, हीटर आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, म्हणजे बिघडण्याच्या जागाही वाढतात. पावसाळ्यात वारंवार जाणाऱ्या आणि कमीजास्त दाबाने येणाऱ्या विजेने असे सर्किट जळाले, तर ते मिळेपर्यंत भाडेकरू रोज आपल्या दारात उभा राहतो. एका दाराच्या फ्रिजचा दोष एवढाच, की फ्रीझरमध्ये बर्फ साचतो आणि तो अधूनमधून वितळवावा लागतो. विद्यार्थ्यांच्या खोल्यांमधील निम्मे फ्रिज याच ठिकाणी मरतात, असे दुरुस्ती करणारे मेकॅनिक सांगतात. बटण दाबून रात्रभर थांबण्याऐवजी कोणीतरी सुरीने बर्फ खरवडतो, टोक फ्रीझरच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यात घुसते, बारीक फुस्स आवाज येतो आणि सगळा गॅस निघून जातो. हे नुकसान वॉरंटीत बसत नाही. म्हणून फ्रिज ताब्यात देताना बर्फ वितळवण्याचे बटण मुलांना प्रत्यक्ष दाखवावे आणि सुरी लावल्यास खर्च त्यांचा, हे करारात लिहावे.

दुकानात गेल्यावर केवळ तारे मोजू नयेत. ताऱ्यांचे निकष ऊर्जा दक्षता ब्यूरो वेळोवेळी कडक करत असतो, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल, तो आकडा छापलेला असतो. त्याला १२ ने भागले की महिन्याचा अंदाज निघतो. दोन फ्रिजमधील फरक वर्षाला ४० युनिटांचा असेल, तर तो महिन्याला जेमतेम तीन-साडेतीन युनिटांचा पडतो, आणि तेवढ्यासाठी किती जादा किंमत मोजायची, हे आपणच ठरवावे. ‘कॉम्प्रेसरवर १० वर्षे’ या ठळक अक्षरांखालची बारीक अक्षरेही वाचावीत. बहुधा सुटा कॉम्प्रेसर तेवढा मोफत असतो, गॅस भरणे आणि मजुरी यांचे पैसे द्यावे लागतात. काही कंपन्यांची वॉरंटी फक्त घरगुती वापरासाठी असते. आपण पुढे पेइंग गेस्ट पद्धतीने खोल्या देणार असाल, तर हे आधीच विचारून घ्यावे.

हॉबच्या जागी दोन बर्नरची, स्टेनलेस स्टीलची, कट्ट्यावर ठेवायची गॅस शेगडी द्यावी. कट्ट्यात बसवलेल्या हॉबसाठी ग्रॅनाइट कापलेले असते आणि प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असते. ते मॉडेल बंद झाले की नवा हॉब जुन्या खाचेत बसत नाही. ती खाच ग्रॅनाइटच्या तुकड्याने मिस्त्रीकडून बंद करून घ्यावी. शेगडीवर आय. एस. ४२४६ या मानकाचा आय.एस.आय. शिक्का असावा. नारिंगी सुरक्षा नळीवर छापलेले वर्षही पाहावे, कारण ती पाच वर्षांनी बदलायची असते, आणि हा खर्च मालकाने स्वतःच करावा. तो भाडेकरूच्या मर्जीवर सोडण्यासारखा नाही. आपल्या गल्लीत नळाचा गॅस आलेला असल्यास सिलिंडरची शेगडी तशीच जोडता येत नाही. त्या गॅसचा दाब कमी असल्याने जेट बदलावे लागतात.

चिमणी घेऊच नये. तेलाने माखलेली जाळी चार विद्यार्थ्यांपैकी कोण धुणार? भिंतीत नऊ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला की काम भागते.

जुन्या बाजारातील फ्रिजच्या वाटेला जाऊ नये; त्याचा कॉम्प्रेसर कितव्यांदा बदलला आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. वापरलेली शेगडी मात्र बर्नर आणि नॉब बदलून घेता आल्यास चालू शकते. आपला जुना फ्रिज दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये द्यावा. भंगारवाल्याला दिला तर तो नळ्या तोडून तांबे काढतो आणि गॅस हवेत सोडतो.

वस्तूंची यादी कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांकासह भाडेकरारास जोडावी, व फोटोंवर दोघांच्या सह्या असाव्यात. बिले वॉरंटीसाठी जपावीत. प्राप्तिकरात त्यांचा उपयोग होईल, अशी आशा धरू नये, कारण घरभाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष खर्च कितीही झाला तरी सरसकट ३० टक्के वजावट मिळते.

प्रश्न : निपाणीतील आमचे भाडेकरू गॅसऐवजी इंडक्शन शेगडी मागत आहेत. ती द्यावी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी भिंतीतील वायर पाहावी आणि मग शेगडी. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढते. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटचे ते काम नव्हे. १६ अँपिअरचे सॉकेट, त्याला मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर आणि चालू अर्थिंग, एवढे नसल्यास विषय तेथेच संपवावा. जुन्या कौलारू घरांत अर्थिंगची तार अनेकदा नावापुरतीच असते, म्हणून ती वायरमनकडून तपासून घेणे अगत्याचे आहे.

दुसरी बाजू लाईट बिलाची आहे. कर्नाटकातील गृहज्योती या घरगुती मोफत विजेच्या योजनेचा लाभ जुलै २०२३ च्या वापरापासून मिळू लागला व तो भाडेकरूंनाही घेता येतो. मात्र महिन्याचा वापर २०० युनिटांवर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. पूर्ण क्षमतेने रोज दीड तास चालणारी इंडक्शन शेगडी महिन्याला ९० युनिट घेते. आच कमी ठेवली तर आकडा उतरतो, पण गीझर, फ्रिज आणि टीव्ही धरून हे कुटुंब मर्यादेच्या काठावर असेल, तर एक शेगडी त्यांना पलीकडे नेईल. हा हिशेब भाडेकरूंसमोर कागदावर मांडावा. त्यानंतरही त्यांना हवीच असेल, तर सॉकेट आपण करून द्यावे आणि शेगडी त्यांनी आणावी. इंडक्शनवर लोखंड किंवा चुंबक चिकटणाऱ्या स्टीलचीच भांडी चालत असल्याने भांड्यांचा प्रश्नही त्यांचा त्यांनीच सोडवलेला बरा.

प्रश्न : खानापूरमधील भाड्याच्या घरातला आर.ओ. बिघडला आहे. पाणी विहिरीचे आहे. नवा आर.ओ. घ्यावा का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : प्रथम पाण्यातील विरघळलेले क्षार, म्हणजे टी.डी.एस., मोजून घ्यावेत. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी या बाबतीत स्वीकारार्ह आहे. आपल्या विहिरीचा आकडा त्याच्या बराच खाली आला, तर आर.ओ. म्हणजे चांगले पाणी मोरीत सोडून देणे होय; गाळ अडवणारा फिल्टर आणि अतिनील दिव्याचे यंत्र पुरेसे ठरते. टी.डी.एस.च्या मीटरवर जंतू दिसत नाहीत, त्यामुळे आकडा कमी आला तरी पावसाळ्यातील गढूळ पाणी उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. घर दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात महिनोन्महिने रिकामे राहत असेल, तर विजेवर न चालणारे, वरून पाणी ओतायचे शुद्धीकरण यंत्र घ्यावे. त्याची कांडी नव्या भाडेकरूने स्वतः विकत आणून बसवावी.